‘सुजाता’ आणि आपले स्वयंपाकघर

जुने चित्रपट पाहण्याची हल्ली फार सोय झाली आहे. पूर्वी थिएटरातून चित्रपट गेला की गेला. पुन्हा लागेपर्यंत वाट पाहत बसावे लागे. आता भाजी निवडता निवडता मोबाईलवर ‘दो बिघा जमीन’ लावावा, नाहीतर ‘श्यामची आई’ लावावी. बहुतेक जणी गाण्यांसाठी पाहतात, काही जणी त्या वेळच्या साड्या नि अंबाडे पाहतात, आणि त्यात वावगे काहीच नाही. परंतु काही चित्रपट असे असतात की गाणी संपली तरी ते आपला पिच्छा सोडत नाहीत. बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ हा त्यांतला एक. तो १९५९ साली आला. त्याला साठाहून अधिक वर्षे झाली, त्यातली मोठी मोठी माणसे काळाच्या पडद्याआड गेली, तरी तो जुना का होत नाही, हा विचार माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासावर लिहा’ असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा म्हटले, हाच विषय घ्यावा. मी सातवी शिकलेली गृहिणी. इतिहास म्हणजे सनावळी असे शाळेत डोक्यात बसले ते बसलेच. तेव्हा सनावळी थोडी येईल, ती भगिनींनी गोड मानून घ्यावी.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. उपेन हे एक इंजिनियर, चारू ही त्यांची पत्नी. त्यांना रमा नावाची तान्ही मुलगी. त्यांच्या कामावरच्या मजुरांत पटकीची साथ येते आणि एका अस्पृश्य मजुराचे नि त्याच्या बायकोचे मूल मागे उरते. ते मूल या घरात येते. ‘दोन दिवस ठेवू, मग कुणाकडे तरी देऊ’ असे म्हणता म्हणता ते तिथेच वाढते. तिचे नाव सुजाता, म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली! रमाला अधीर नावाचे स्थळ योजलेले असते, पण अधीरचे मन सुजातावर जाते. घरात वादळ उठते. चारूला अपघात होतो, रक्त द्यावे लागते, आणि ते जुळते एकट्या सुजाताचे. मग चारूचे डोळे उघडतात आणि सुजाताचे लग्न होते. मूळ कथा सुबोध घोष या बंगाली लेखकाची. फिल्मफेअरची उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेत्री आणि कथा अशी चार पारितोषिके याला मिळाली, आणि १९६० साली तो फ्रान्समधील कान येथील महोत्सवातही दाखवला गेला.

गोष्ट बंगाली, दिग्दर्शक बंगाली, संगीत सचिनदेव बर्मन यांचे, तेही बंगाली. पण पडद्यावरच्या बायका पाहा! सुजाता झाली आहे नूतन, म्हणजे आपल्या शोभना समर्थांची कन्या. रमा झाली आहे शशिकला, ती सोलापूरची. जुन्या वळणाची, विटाळ पाळणारी म्हातारी आत्या झाल्या आहेत ललिता पवार. आणि चारू, म्हणजे त्या घरची मालकीण, झाल्या आहेत सुलोचनाबाई. चारही बायका मराठी! हिंदी बोलणाऱ्या त्या बंगाली घरात आपल्याच वाड्यातल्या चौघी बसल्यासारखे मला वाटते. एक गंमत सांगते. नूतनचा जन्म १९३६ चा आणि सुलोचनाबाईंचा १९२८ चा. म्हणजे आईत आणि लेकीत अंतर अवघे आठ वर्षांचे! सुलोचनाबाईंना तिशीतच सगळ्यांच्या आया व्हावे लागले.

याच गोष्टीवर मला जरा थांबायचे आहे. सुलोचनाबाई म्हटले की आपल्यापुढे कोण उभी राहते? ‘वहिनीच्या बांगड्या’मधली वहिनी. भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेली, डोक्यावर पदर घेतलेली, मायाळू बाई. १९५४ साली आचार्य अत्रे यांनी ‘महात्मा फुले’ काढला, त्यात बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. ज्या सावित्रीबाईंच्या घरातला हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला झाला, त्यांचे काम करणारी ही बाई. आणि पाचच वर्षांनी तीच बाई चारू होते आणि पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणते, ही रमा, आमची मुलगी. आणि ही सुजाता, आमच्या मुलीसारखी.

चारू दुष्ट नाही. दुष्ट बाई हवी असती तर बिमल रॉय यांना नट्यांची वाण नव्हती. चारू मूल उचलते, दूध पाजते, आजारपणात उशाशी बसते. सुजाताला उपाशी ठेवत नाही, मारीत नाही, फाटके नेसवत नाही. ललिता पवारांची आत्या निदान तोंडावर बोलते. तिच्याबरोबर आलेले एक पंडितजी तर अस्पृश्यांच्या अंगातून एक प्रकारचा विषारी वायू निघतो असे शास्त्र सांगतात, आणि थिएटरात हशा पिकावा अशीच ती जागा आहे. आत्या आणि पंडित यांना आपण हसतो आणि मोकळे होतो. चारूला हसता येत नाही. कारण ती वाईट बोलतच नाही. ती फक्त एक शब्द अधिक वापरते, ‘सारखी’. सबंध चित्रपटात सुजाता त्या एका शब्दापाशी अडकलेली आहे. चित्रपटातले जग बदलले, कपडे बदलले, टेलिफोन बदलले, पण हा शब्द आजही घराघरांत जसाच्या तसा आहे. म्हणून मला वाटते की तो जुना होत नाही.

भांडी घासायला येणाऱ्या बाईबद्दल आपण काय म्हणतो? ‘अगदी घरच्यासारखी आहे हो!’ पण तिचा चहाचा कप ओट्याखालच्या कोपऱ्यात पालथा घातलेला असतो. परजातीची सून आली, तर ‘आम्ही तिला मुलीसारखीच मानतो’ असे चारचौघांत आवर्जून सांगितले जाते; आपल्या जातीची सून असली तर असे सांगण्याची पाळीच येत नाही. मोठमोठ्या इमारतींत कामाला येणाऱ्या बायकांची लिफ्ट वेगळी असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आत सतरंजीवर बसतात आणि कामवालीचे वाण दाराशी हातात दिले जाते. वाण तेच असते बरे का! तोच डबा, तेवढेच तिळगूळ. चारूनेही सुजाताला साडी कमी प्रतीची घेतली नव्हती.

मग चारूने काय राखून ठेवले? मला हे पहिल्या वेळी पाहताना कळले नाही, कळले ते दुसऱ्या वेळी. रमा कॉलेजात जाते. सुजाता घरात राहते. ती झाडांना पाणी घालते, चहा करते, कपाटे आवरते, कुणाला काय हवे ते न सांगता जाणते. रमाच्या हातात पुस्तक असते आणि सुजाताच्या हातात झारी. कुणी तिला ‘तू शिकू नकोस’ असे म्हटल्याचे दाखवलेले नाही. ते तिच्या बाबतीत कुणाला सुचलेच नाही, एवढेच. माझी स्वतःची शाळा सातवीत सुटली आणि माझ्या भावांची सुटली नाही. आमच्या घरीही मला कुणी रागावून शाळेतून काढले नव्हते. म्हणून ही गोष्ट माझ्या नजरेला आली असावी. जात वेगळी नि बाईपण वेगळे, दोन्हीची तुलना करू नये हे मला ठाऊक आहे.

गेल्या श्रावणात आपल्या मंडळाच्या सभागृहात पडदा लावून हा चित्रपट दाखवला, तेव्हा पुष्कळ जणी आल्या होत्या. आपल्या कार्यक्रमांना चहा करायला येणाऱ्या मावशी दाराशी उंबऱ्याजवळ बसून पाहत होत्या. मध्यंतरात आपल्यापैकीच एकीने त्यांना मोठ्या प्रेमाने हाक मारली, ‘‘मावशी, आत या ना, तुम्ही तर आमच्यासारख्याच!’’ कुणाच्या लक्षात आले नाही; माझ्याही नंतर आले. मावशी आत आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर नूतनच्या अभिनयाचे कौतुक चालले होते, डोळे पुसले जात होते. मावशींनी एवढेच विचारले, ‘‘त्या पोरीला साळंत का न्हाय घातलं?’’ कुणी उत्तर दिले नाही. दोघी-तिघी एकदम म्हणाल्या की त्या काळी मुली शिकत नसत. पण रमा शिकत होती, हे सर्वांनी आत्ताच पाहिले होते.

‘त्या काळी’ हे उत्तर खरे नव्हेच. पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली ती १८४८ साली. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय लहान, पण तिने विचारले ते मोठमोठ्या पंडितांना विचारता आले नसते. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. आपल्या लोकांच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांचे हाल कोण पाहतो, हेही तिने लिहिले. हिशेब करून पाहा, ‘सुजाता’च्या आधी तब्बल १०४ वर्षे! मुक्ता बोलत होती आणि सुजाता चित्रपटभर गप्प आहे. मुक्ताला शाळा मिळाली होती. सुजाताला फक्त माया मिळाली.

पडद्यावर अस्पृश्यतेचा विषय बिमल रॉय यांनीच प्रथम आणला असेही नाही. १९३५ साली प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला. त्यात प्रत्यक्ष बालगंधर्व संत एकनाथ झाले. आधी त्याचे नाव ‘महात्मा’ होते, पण सेन्सॉरने ते चालू दिले नाही. दुसऱ्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला, देविकाराणी आणि अशोककुमार यांचा. त्यातली कस्तुरी शेवटी आगगाडी थांबवता थांबवता प्राण गमावते. त्या वेळच्या पडद्यावर अस्पृश्य मुलीला प्रेम करता येत होते, पण जगता येत नव्हते. तेवीस वर्षांनी सुजाता जगते आणि लग्नही करते. मधल्या काळात देश बदलला होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी प्यायले. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपवास केला. १९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद झाली आणि १९५५ साली ती पाळणाऱ्यास शिक्षा सांगणारा कायदा आला.

कायद्याने विहीर उघडली, देऊळ उघडले, हॉटेल उघडले. हे लहान काम नव्हे. पण कायदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. आत कोणता कप कुणाचा हे पाहायला शिपाई येत नाही. ‘सुजाता’ नेमका त्या उंबऱ्याच्या आत घडतो. म्हणून १९५५ च्या कायद्यानंतर चार वर्षांनी आला तरी तो शिळा नव्हता, आणि आजही नाही. २०११-१२ साली देशभरातील ४० हजारांहून अधिक घरांची एक पाहणी झाली. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून ती केली. त्यात लोकांना विचारले होते की तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळते का. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढे विचारले होते, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का. स्वयंपाकघर आणि भांडी! प्रश्न करणारे विद्वान खरे, पण कुणातरी गृहिणीला विचारूनच त्यांनी हा प्रश्न घातला असावा. शंभरातील सुमारे २७ घरांनी कोणत्या ना कोणत्या रूपात पाळतो असे कबूल केले. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा शंभरात चार एवढाच निघाला. एक तर आपण फार सुधारलो आहोत, किंवा विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचे ते आपण चांगले शिकलो आहोत.

आता चित्रपटातल्या ज्या गोष्टी मला रुचत नाहीत त्याही सांगते. नाहीतर एखादी म्हणेल की हिला सगळे गोडच लागले.

पहिली गोष्ट रक्ताची. चारूचे डोळे उघडायला सुजाताला रक्त का द्यावे लागते? रमाने आईला रक्त दिले असते तर कुणाला नवल वाटले नसते, आणि दिले नसते म्हणून ती मुलगी राहिली नसती असेही नाही. सुजाताला मात्र मुलगी होण्यासाठी आधी उपकार करून दाखवावे लागतात. तिचे रक्त कुणाला जुळलेच नसते, तर? ती ‘सारखी’च राहिली असती का? शिवाय सुजाता इतकी गुणी, इतकी सोशिक दाखवली आहे की तिला नाकारणे कठीण जावे. पण जी मुलगी फटकळ आहे, आळशी आहे, उलट उत्तर देते, तिला घरात घ्यायचे की नाही? आपल्या पोटच्या मुली काय सगळ्या नूतनसारख्या असतात? (आमची तरी नाही.)

दुसरी गोष्ट अशी. भर पावसात जीव द्यायला निघालेली सुजाता गांधीजींच्या स्मारकापाशी येते. तिथे आत्महत्येविरुद्धचे त्यांचे वचन तिला दिसते आणि पुतळ्याच्या डोळ्यावरून पाण्याचा थेंब ओघळतो. प्रसंग फार सुंदर घेतला आहे, मी दर वेळी रडते. रवींद्रनाथांच्या ‘चंडालिके’चा प्रयोगही चित्रपटात आहे, बुद्धाचा शिष्य आनंद चांडाळ मुलीच्या हातचे पाणी मागतो ती कथा. प्रेक्षक त्या नाटकातल्या मुलीसाठी हळहळतात आणि घरातली मुलगी तशीच राहते, हा टोमणा दिग्दर्शकाने न बोलता मारला आहे. पण चित्रपट आला १९५९ साली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. ‘आम्हाला तुमच्या घरात सारखे म्हणून राहायचे नाही, आमचे घर आम्ही बांधतो’ असाच त्या दिवसाचा अर्थ नव्हता का? त्याची पुसटशी खूणही या चित्रपटात नाही. बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायकांची वेगळी सभा घेऊन त्यांना नीटनेटके राहण्याविषयी आणि मुलींना शिकवण्याविषयी सांगितले होते. म्हणजे मावशींनी जे विचारले ते बाबासाहेबांनी चित्रपटाच्या बत्तीस वर्षे आधीच सांगून ठेवले होते. बिमल रॉय यांनी आपला चित्रपट सुजाताच्या लोकांशी बोलण्यासाठी काढला नव्हता. तो चारूशी बोलतो. चारूला न दुखवता, तिचा हात धरून. थिएटरात तिकीट काढून बसलेल्या तेव्हाच्या हजारो चारूंना दुसऱ्या कुठल्या रीतीने ते ऐकवले असते तर त्या उठून गेल्या असत्या, हेही खरे.

ही स्मरणिका वाचणाऱ्यांत चारूच्या घरच्या आहेत तशा सुजाताच्या घरच्याही आहेत. आपल्या मंडळात सर्व समाजाच्या भगिनी आहेत याचा आपण अहवालात अभिमानाने उल्लेख करतो. तेव्हा हा चित्रपट दोघींना एकसारखा लागणार नाही. आपल्यातलीच एक मैत्रीण मला म्हणाली की मला चारूचा राग येत नाही, मला सुजाताचा राग येतो. ती एकदाही ‘मी कोण?’ असे ठणकावून का विचारत नाही? मी तिला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहायला सांगितले, तर तिने तो माझ्या आधीच तीनदा पाहिलेला! २०१३ सालचा तो मराठी चित्रपट. त्यातला जब्या कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा आहे. त्याला शाळा मिळाली आहे; शाळेत सगळे आहे, भिंतीवर महापुरुषांची चित्रेही आहेत. तरीही गावात डुक्कर धरायचे काम त्याच्या घरालाच करावे लागते, आणि गाव ते पाहून हसते. शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो आणि तो सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. सुजाताने रक्त दिले, जब्याने दगड मारला. मला त्या दगडाचा आधी राग आला होता. पण ‘सुजाता’ पुन्हा पाहिल्यावर वाटले, चौपन्न वर्षे कुणी नुसते ‘सारखा, सारखा’ म्हणत राहिले, तर हात दगडाकडे जाणारच.

नूतन १९९१ साली गेली, ललिता पवार १९९८ साली, शशिकला २०२१ साली. सुलोचनाबाईंना दीर्घ आयुष्य लाभले. २००९ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना मिळाला आणि ४ जून २०२३ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांच्या असताना, त्या गेल्या. त्या दिवशी दूरदर्शनच्या वाहिन्यांवर त्यांच्या आईच्या भूमिका दाखवीत होते. सावित्रीबाई आणि चारू या दोन भूमिका शेजारी शेजारी ठेवून कुणी दाखवल्या असत्या तर बरे झाले असते. एकाच चेहऱ्याने, एकाच मायाळू आवाजात, एक बाई परक्याचे मूल आपले करते आणि दुसरी जवळच्या मुलीला आयुष्यभर दाराशी ठेवते. सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेल्या यशवंताला कधी ‘मुलासारखा’ म्हटले असेल असे मला तरी वाटत नाही.

येत्या महिन्यात सभागृहात ‘फँड्री’ आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ‘महात्मा फुले’ दाखवण्याचे कार्यकारिणीने ठरवले आहे. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा ठेवली आहे, तेव्हा घरी जाण्याची घाई करू नये. त्या दोन्ही दिवशी मावशी प्रेक्षक म्हणून यायच्या आहेत, त्यांनी पुढची रांग मागितली आहे. चहा आपण पाळीपाळीने करावयाचा आहे. ‘फँड्री’च्या दिवशी माझी पाळी आहे, दुसऱ्या दिवसासाठी दोघी जणी हव्या आहेत, त्यांनी आपली नावे सचिवांकडे द्यावीत.